रात्री येथे जबाबदार कोण?

“भाई, नर्सिंग होमच्या मॅनेजरचं लायसन्स कुठं बघायला मिळतं?” एका वाचक भगिनीने फोनवर हा प्रश्न विचारला आणि लगेच म्हणाल्या, “हसू नका, दोन ठिकाणी हसून झालंय.” त्यांच्या अम्मींचे खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन मोठ्या रुग्णालयात झाले. पुढचे काही आठवडे ड्रेसिंग, इंजेक्शने, कूस बदलणे, कॅथेटर हे सारे सांभाळायला शनिवार पेठेतल्या आपल्या घराजवळच एखादी जागा पाहावी, असे घरात ठरले. भाऊ अमेरिकेत. त्याने तिकडून बजावले, की तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटरचे लायसन्स बघितल्याशिवाय अम्मींना कुठेही ठेवू नकोस. भगिनींनी विचारले, तर एका ठिकाणी काउंटरवरचा मुलगा हसला आणि दुसऱ्या ठिकाणी शॉप ॲक्टचा कागद पुढे करण्यात आला.

भाऊ तिकडच्या हिशेबाने अगदी बरोबर बोलत होता. गोंधळ आहे तो शब्दाचा. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे वयोवृद्ध, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना महिनोन्महिने सांभाळणारी संस्था. ती चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाने परवाना घ्यावा लागतो. १९६७ साली तिथल्या सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती झाली आणि सरकारी योजनेचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमांच्या प्रशासकांना परवाने देण्याची व्यवस्था उभारणे राज्यांवर बंधनकारक झाले. अटी राज्यागणिक बदलतात. पण साधारणपणे ठरावीक शिक्षण, अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली उमेदवारी, देशपातळीवरची परीक्षा आणि मुदतीने नूतनीकरण, असा तो रस्ता आहे. डॉक्टर वेगळा, नर्स वेगळी आणि संस्था चालवणारा हा तिसरा माणूसही परवानाधारक.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डोळ्यांसमोर येते ते लहान खासगी रुग्णालय. दहा-पंधरा खाटा, एक शस्त्रक्रियागृह, दारावर बहुतेक वेळा डॉक्टर पती-पत्नींची पाटी. येथे परवाना मिळतो तो जागेला. कायदा आहे १९४९ चा, त्या वेळच्या मुंबई राज्याने केलेला आणि इंग्लंडमधल्या १९२७ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याच्या वळणाने लिहिलेला. आज त्याला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणतात. केंद्र सरकारने २०१० साली दवाखाने आणि रुग्णालयांसाठी वेगळा कायदा केला, पण महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही, त्यामुळे आपल्या राज्यात अजून हाच जुना कायदा चालतो. नोंदणी केल्याशिवाय शुश्रूषागृह चालवता येत नाही. पुणे शहरात ही नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. दाखल्याची मुदत तीन वर्षांची, ३१ मार्चला संपणारी, मग नूतनीकरण.

म्हणजे भावाच्या प्रश्नाला “असे लायसन्स आपल्याकडे नसते” एवढे उत्तर देऊन फोन ठेवता आला असता. पण कायद्याचे पाचवे कलम वाचले की लक्षात येते, की जागेच्या परवान्यात माणूस दडलेला आहे. नोंदणी कोणत्या कारणांनी नाकारता येईल, ते या कलमात सांगितले आहे. अर्जदार किंवा त्याने नेमलेला माणूस हे काम करायला योग्य नसेल तर नाकारता येईल. जागा, बांधकाम, सोयी, साहित्य योग्य नसेल तर नाकारता येईल. आणि आणखी एक कारण दिले आहे, जे फार थोड्या लोकांना ठाऊक असते: शुश्रूषागृहाचे व्यवस्थापन पात्र डॉक्टर किंवा पात्र परिचारिका यांच्याकडे नसेल आणि ती व्यक्ती त्याच वास्तूत राहणारी नसेल, तर. शिवाय रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण हवे, आणि प्रसूतिगृह असेल तर पात्र सुईण हवी.

“त्याच वास्तूत राहणारी” हे शब्द आज विचित्र वाटतात. १९४९ साली ते अगदी साधे होते. शनिवार पेठ, नारायण पेठ, सदाशिव पेठ या भागात खाली दवाखाना आणि वर डॉक्टरांचे बिऱ्हाड ही नेहमीची रचना होती. रात्री दोन वाजता कडी वाजवली की वरच्या मजल्यावरचा दिवा लागायचा. बाळंतीण अडली, दम्याच्या रुग्णाला झटका आला, तर डॉक्टर जिना उतरून खाली येत. कायदा करणाऱ्यांनी नवीन काही शोधून काढले नव्हते, जे समोर चालू होते तेच कागदावर उतरवले.

आता वाडे गेले. त्या जागी इमारती आल्या, तळमजल्यावर दुकाने, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर नर्सिंग होम. डॉक्टर राहायला कोथरूडला किंवा बाणेरला. सकाळी इथे, दुपारी दुसऱ्या रुग्णालयात, संध्याकाळी पुन्हा इथे. यात गैर काही नाही, आपली मुलेसुद्धा मोठी जागा मिळाली की पेठेतून बाहेर पडतातच. पण मग रात्री दहा ते सकाळी आठ या वेळात त्या पंधरा खाटांचा कारभार कोणाकडे असतो? बहुतेक ठिकाणी एक निवासी डॉक्टर असतो, ज्याला सगळे आरएमओ म्हणतात. चांगल्या ठिकाणी त्याच्यासोबत एक-दोन प्रशिक्षित सिस्टर असतात. आणि काही ठिकाणी फक्त एक वॉर्डबॉय आणि एक मावशी असतात, आणि डॉक्टर “फोनवर” असतात. दिवसा ही तिन्ही ठिकाणे सारखीच दिसतात. तीच फरशी, तोच गणवेश, तोच फॉर्म. फरक कळतो तो रात्रीच.

म्हणून मी त्या भगिनींना म्हटले, की लायसन्स हा शब्द सोडून द्या. सरळ विचारा: रात्री इथे जबाबदार कोण असतं, त्यांचं नाव काय, ते डॉक्टर आहेत की सिस्टर, आणि इमारतीतच असतात की बोलावल्यावर येतात? हा प्रश्न उद्धट नाही. कायद्याने महापालिकेला जे बघायला सांगितले आहे, तेच आपण बघतो. दुसरे म्हणजे नोंदणीचा दाखला. तो दर्शनी जागी लावलेला असणे बंधनकारक आहे, कपाटात ठेवून चालत नाही. त्यावरचे नाव आणि पत्ता त्याच जागेचा आहे ना, मुदत संपलेली नाही ना, एवढे उभ्या उभ्या वाचता येते. किती खाटांसाठी नोंदणी झाली आहे, तेही विचारा आणि मग एक फेरी मारून खाटा मोजा. शॉप ॲक्टचा कागद हा या दाखल्याच्या जागी चालत नाही.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधता येतो. सिस्टर पात्र आहे याचा अर्थ तिने जीएनएमसारखा मान्य अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि तिचे नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदवलेले आहे. पांढरा किंवा निळा ड्रेस घातला म्हणजे सिस्टर झाली असे नाही. ब्यूरोतून येणारी बाई मायेने सेवा करील, तिचे ऋण आपण मानावे, पण सलाइनमध्ये इंजेक्शन देणे हे तिचे काम नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. वर जे कलम सांगितले त्यात “डॉक्टर किंवा परिचारिका” असे म्हटले आहे. म्हणजे पात्र नर्स शुश्रूषागृहाचा कारभार पाहू शकते, हे १९४९ मध्येच मान्य झाले होते. आपल्या घरातल्या किती तरी मुली जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करतात आणि लग्न ठरवताना “नर्स आहे, रात्रपाळी असते” म्हणून नाके मुरडली जातात. ज्या रात्रपाळीवरून नाक मुरडले जाते, तीच रात्रपाळी कायद्याला सर्वांत महत्त्वाची वाटलेली आहे.

कागदावर इतका चांगला कायदा असूनही तो बरीच वर्षे झोपलेला होता. मुंबई-पुण्यासारख्या शहरांपलीकडे त्याची अंमलबजावणी जवळजवळ नव्हतीच. १९९० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात एका महिलेने याचिका केली, तेव्हा कुठे मुंबईत तपासणीचा विषय गांभीर्याने पुढे आला. पुढे आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांनी, त्यांत पुण्यातल्याही आहेत, रुग्णांच्या हक्कांची सनद नियमांत यावी म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने नियम दुरुस्त केले आणि ती सनद आली. आता प्रत्येक शुश्रूषागृहाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लोकांना दिसेल असे लावायचे आहे.

या सनदेतल्या काही गोष्टी आपल्या घरांना फार जवळच्या आहेत. महिला रुग्णाला पुरुष डॉक्टर तपासत असतील, तर त्या वेळी एक स्त्री हजर असावी, असे मागता येते. लाजून गप्प बसायचे किंवा भांडण काढायचे कारण नाही, तो हक्कच आहे. औषधे त्यांच्याच मेडिकलमधून घ्या अशी सक्ती करता येत नाही. आजाराची माहिती, खर्चाचा अंदाज, तपासण्यांचे कागद मिळायला हवेत.

आणि मय्यत. घरातले माणूस गेले, की गुसल, कफन, जनाजा यांची वेळ ठरवायची असते, गावाहून येणाऱ्यांना कळवायचे असते, आणि दफन लवकर व्हावे हीच प्रत्येकाची इच्छा असते. अशा वेळी “बिल भरा, मग बॉडी मिळेल” हे वाक्य कानावर पडले तर माणूस कोसळतो. लोक दागिने गहाण टाकून, नातेवाइकांकडे हात पसरून मध्यरात्री पैसे उभे करतात. २०२१ च्या नियमांनुसार बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. बिल माफ होते असा याचा अर्थ नाही. जे द्यायचे आहे ते द्यायचेच, त्याचा हिशेब आणि वाद नंतर होऊ शकतो. एक अपवाद मात्र समजून घ्या. मृत्यू अपघाताने, भाजून, विषबाधेने किंवा संशयास्पद रीतीने झाला असेल तर पोलिसांना कळवावे लागते आणि शवविच्छेदन होऊ शकते. तो विलंब पैशांसाठी नसतो, त्यावरून डॉक्टरांशी हुज्जत घालू नये.

अनामत रकमेचेही तसेच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर हा प्रश्न राज्यभर गाजला, आणि महापालिकेने खासगी रुग्णालयांना याच नियमांची आठवण करून दिली. तातडीच्या रुग्णाला जीव वाचवण्यापुरते उपचार आधी द्यायचे, पैशांची बोलणी नंतर.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्या भगिनींची अडचण येथे संपत नाही. नर्सिंग होमने त्यांना सांगितले, की ऑपरेशननंतरचा इतक्या दिवसांचा रुग्ण आम्ही ठेवत नाही, तुम्ही “केअर सेंटर” बघा. गेल्या काही वर्षांत अशी केंद्रे पुणे आणि परिसरात बरीच निघाली आहेत. बंगल्यात, फ्लॅटमध्ये, कुठे वृद्धाश्रमाच्याच एका मजल्यावर. मुले आखातात किंवा अमेरिकेत, इथे एकटे आई-वडील, किंवा मुले इथेच पण दोघेही नोकरीला आणि घर दोन खोल्यांचे. आपल्याकडे वालिदैनना बाहेर ठेवले म्हटले की चार तोंडांनी बोलले जाते, म्हणून पुष्कळ घरे हे निमूटपणे करतात, आणि निमूटपणे केल्यामुळे नीट चौकशी होत नाही. टोमणे मारणाऱ्यांना मला एवढेच विचारावेसे वाटते, की दिवसातून आठ वेळा कूस बदलायची असते, तेव्हा तुम्ही येणार आहात का?

या केंद्रांचे परवाने कोणते, असे विचारले की तऱ्हेतऱ्हेचे कागद निघतात. ट्रस्टची नोंदणी, सोसायटीची नोंदणी, शॉप ॲक्ट. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा केंद्राचा कायदा आहे. मुलांकडून पोटगी मागण्याची सोय त्यात आहे, आणि निराधार वृद्धांसाठी जिल्ह्याला किमान एक, १५० जणांचा वृद्धाश्रम सरकारने टप्प्याटप्प्याने उभारावा असेही त्यात म्हटले आहे. पण खासगी केअर सेंटर चालवणाऱ्याने अमुक शिक्षण घ्यावे, अमुक परीक्षा द्यावी, असा अमेरिकेसारखा दंडक त्या कायद्यात नाही.

मग अशी जागा कोणाच्याच नजरेखाली नाही का? मला तसे वाटत नाही. १९४९ च्या कायद्यात शुश्रूषागृहाची व्याख्या दिली आहे. दुखणे, इजा किंवा शारीरिक दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा करण्यासाठी वापरली जाणारी जागा, असा तिचा अर्थ आहे. दुर्बलता हा शब्द तिथे मुद्दाम आहे. केवळ राहणे-जेवणे देणारा वृद्धाश्रम या व्याख्येत बसत नाही, हे उघड आहे. पण जिथे नाकातून नळी घालून अन्न दिले जाते, कॅथेटर बदलला जातो, ऑक्सिजन लावला जातो, शय्याव्रणाचे ड्रेसिंग होते आणि त्या सेवेचे महिन्याला पैसे घेतले जातात, तिथे उपचारही आहेत आणि शुश्रूषाही आहे. पाटीवर “आश्रम” लिहिले, “सेंटर” लिहिले की “होम” लिहिले, यावर हे ठरत नाही. माझ्या मते अशा जागेने महापालिकेकडे शुश्रूषागृह म्हणून नोंदणी करायला हवी, आणि नोंदणी आली की पाचवे कलम आले, म्हणजे पात्र डॉक्टर किंवा नर्स आली, तीही तिथेच राहणारी. काही केंद्रांनी अशी नोंदणी केलेली असते. त्यांना विचारले की ते आनंदाने दाखवतात. “आम्हाला त्याची गरज नाही” असे उत्तर आले, तर मी तरी माझ्या माणसाला तिथे ठेवणार नाही.

लहान नर्सिंग होमच्या डॉक्टरांची बाजूही आहे. नियम वाढत गेले, प्रशिक्षित नर्स मोठी रुग्णालये जास्त पगारावर घेऊन जातात, परदेशात जातात, पेठेतल्या जुन्या इमारतीत रुंद जिना आणि दुसरा बाहेर पडायचा रस्ता काढणे सोपे नाही. घराजवळचे, परवडणारे, आपल्या तीन पिढ्यांना नावाने ओळखणारे डॉक्टर टिकावेत असे मलाही वाटते. पण जिन्याच्या बाबतीत सवलत मागू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बालके गेली. ते सरकारी रुग्णालय होते, तरी खासगी जागेतही आग आणि धूर तसाच पसरतो. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार रुग्णालयाच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. अम्मींची खाट कोणत्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद पडली तर त्यांना स्ट्रेचरवर त्या जिन्याने उतरवता येईल का, हे स्वतः चालून पाहा.

चौकशी कुठे करायची, असेही त्या भगिनींनी विचारले. शनिवार पेठेतून नदी ओलांडली की महापालिकेची मुख्य इमारत. तिथल्या आरोग्य विभागात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे काम चालते. शहराबाहेर राहणाऱ्यांनी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे जावे. तक्रारही तिथेच द्यायची, लेखी आणि पोच घेऊन. अधिकाऱ्यांना शुश्रूषागृहात जाऊन तपासणी करता येते. मात्र कोणाही रुग्णाचे वैद्यकीय कागद चाळण्याचा अधिकार या कायद्याने त्यांना दिलेला नाही, तेव्हा “तक्रार केली तर आपली माहिती बाहेर जाईल” ही भीती बाळगू नये. दोष आढळले तर नोटीस देऊन, म्हणणे ऐकून नोंदणी रद्दही होऊ शकते.

तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. अमुक पत्त्यावरच्या शुश्रूषागृहाची नोंदणी आहे का, मुदत कधीपर्यंत, किती खाटांची, व्यवस्थापनाची जबाबदारी कोणाच्या नावावर दाखवली आहे, तिथे राहणारी पात्र व्यक्ती कोण आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, एवढेच प्रश्न पुरेत. अर्ज मराठीत साध्या कागदावर चालतो, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवे.